कॉपर पेप्टाइड सीरमवर क्रीम लावताच सुटणारे कण असे थांबले

निळसर कॉपर पेप्टाइड सीरमवर (तांबे जोडलेले प्रथिनांचे छोटे तुकडे असलेला, त्वचेला लावायचा पातळ द्रव) क्रीम चोळले की खोडरबराच्या चुऱ्यासारखे बारीक कण सुटत, विशेषतः हनुवटीजवळ. सीरमचे प्रमाण कमी केले, क्रीम बदलले, तरी फरक पडला नाही आणि रोज चेहरा पुन्हा धुवावा लागे, याचा फार वैताग आला होता.

अखेर पुढील क्रम लागू पडला. क जीवनसत्त्वाचे सीरम सकाळी आणि पेप्टाइड फक्त रात्री ठेवले, कारण तांब्याच्या सान्निध्यात ॲस्कॉर्बिक आम्लाचे (म्हणजेच क जीवनसत्त्वाचे) ऑक्सिडीकरण वेगाने होते. रात्री चेहरा धुऊन किंचित ओलसर त्वचेवर आधी सीरम न चोळता बोटांनी थोपटावे, चिकटपणा पूर्णपणे जाईपर्यंत थांबावे (खरा फरक याच थांबण्याने पडला) आणि मगच सिलिकोन नसलेले क्रीम तळहातांवर पसरून हलके दाबत लावावे. हेच सीरम डोक्याला लावायचे असेल तर भांग पाडून थेंब केसांवर नव्हे, थेट डोक्याच्या त्वचेवरच सोडावेत.