पगारवाढ मागायला गेलो अन् उचल घेऊन आलो

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी काट्यावर आहे. कापसाच्या गाड्यांचं वजन करायचं, काटापट्टी फाडायची, रात्री हिशेब जुळवून द्यायचा. चार हंगाम एकाच पगारावर काढले. पाचव्या वर्षी धीर करून शेठजींपुढं उभा राहिलो आणि तोंडातून निघालं ते हे : "शेठजी, पोरीची फी भराची हाये, सोयाबीनही गेलं यंदा. पगाराचं थोडं पाहता आलं तं..." त्यांनी गल्ल्यातून 10,000 काढून समोर ठेवले. "घेऊन जाय. महिन्याला हजार कापू." मी हात जोडून बाहेर आलो.

इथंच फसलो, म्हणून नीट सांगतो. अडचण सांगितली की मालक अडचणीपुरतं देतो, पगार तिथंच राहतो. वरून उचलीचा हप्ता कापला जातो, म्हणजे हाती येणारा पैसा आणखी कमी. आणि उचल फिटेपर्यंत पगाराचा विषय कोणत्या तोंडानं काढणार? दहा महिने मी गप्प बसलो. माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. पाडव्याला साल ठरायचं, मग वर्षभर उचलीवर घर चालायचं. मागायची तीच रीत माझ्या अंगात मुरलेली. तुमच्याही असेल, तर आजच सोडा.

दुसऱ्यांदा घरचा एक शब्द काढला नाही. वहीच्या पानावर लिहून नेलं : काटा सांभाळून बिलंही आता मीच कॉम्प्युटरवर करतो, त्यासाठी बाहेरचा माणूस लागत नाही. आकडाही मीच सांगितला, 2,000. वेळ दसऱ्याआधीची धरली. उन्हाळ्यात जिन बंद असताना मागाल तर घरी बसाल.

मुनीमजींकरवी निरोप पाठवू नका. माणूस चांगला असला तरी त्यांचा पगार त्याच गल्ल्यातून येतो. 'दुसरीकडून बोलावणं आहे' हे खोटं तर बोलूच नका, सगळे जिनवाले बाजार समितीत रोज भेटतात.

घाबरू नका, माझेही पाय कापत होते. शेठजी म्हणाले, "1,500 देतो, पण वरून हातात." म्हणजे पगारात न लिहिता रोख. इथं मात्र अडून बसा. पीएफचे 12 टक्के मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर धरतात, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही शेवटच्या त्याच पगारावर. हातात दिलेले पैसे यात कुठंच येत नाहीत. मी म्हटलं, "मूळ पगारात लिहा, शेठजी."

ते बराच वेळ माझ्या कागदाकडं पाहत राहिले. मग मुनीमजींना म्हणाले, "लिहून घ्या."