पावसात मासे गरवायला जाताना कपड्यांतल्या या चुका टाळा

जुलै-ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की दिवसभर उघडत नाही. मलप्रभेच्या काठाला गळ टाकून बसलेला माणूस थोड्याच वेळात कुडकुडायला लागतो आणि दोष देतो रेनकोटला. रेनकोट बहुधा चांगलाच असतो. चूक त्याच्या आत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुती बनियन. बांधावरून, चिखलातून चालत जाताना रेनकोटात घाम येतो. सुती कापड तो पिऊन बसतं, लवकर वाळत नाही. मग तुम्ही एका जागी बसलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं जाते. म्हणून अंगाला पॉलिएस्टरचा खेळायचा टी-शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि वर रेनकोट घाला. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. धनगरांच्या घोंगडीचा गुण तोच. चालताना स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, बसल्यावर चढवा. जीन्स तर नकोच.

गळ्याला टॉवेल गुंडाळायची आपल्याकडे सवयच आहे. त्याचं टोक रेनकोटाबाहेर राहिलं की ते पाणी शोषतं आणि ओल छातीपर्यंत उतरते. बाहीचंही तेच. गळ उचलायला हात वर केला की मनगटावरचं पाणी थेट कोपरात. रेनकोटाच्या बाहीला इलॅस्टिक लावून घ्या आणि स्वेटरची बाही दोन बोटं आत सरकवा.

गुडघाभर पाण्यात उतरणार असाल तर गमबूट नको. वरून पाणी शिरलं की पाय उचलत नाही. होडीत लाइफ जॅकेट रेनकोटाच्या वरच घालायचं. घोंगडी काठावर ठीक, होडीत नको, भिजल्यावर ती फार जड होते.

एवढं करूनही थंडी भरली तर? गळाची गाठ बोटांना बांधता येईना, की गाशा गुंडाळा. आडोशाला जाऊन सुके कपडे घाला, डोकं पुसा, गरम चहा घ्या. दारूचा घोट मात्र घेऊ नका. रक्त कातडीकडं धावतं, ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंगातली उष्णता बाहेर जाते. सोबत्याची जीभ जड झाली, किंवा थरथर थांबून तो सुस्तावला, तर चहापाण्यात वेळ घालवू नका. ओले कपडे उतरवा, सुक्या चादरीत गुंडाळा आणि तडक खानापूरचा सरकारी दवाखाना गाठा.