अफगाण कादंबरीतील अपराधभाव कसा वाचावा
साताऱ्यातील वाचनकट्ट्यावर अफगाण पार्श्वभूमीची कादंबरी घेताना १९७३ मध्ये दाऊद खानांनी राजाला हटवून केलेला सत्तापालट, १९७८ ची कम्युनिस्ट क्रांती, डिसेंबर १९७९ मध्ये शिरलेल्या सोव्हिएत फौजा आणि १९९६ मध्ये तालिबानने घेतलेले काबूल ही सनावळी वाचनखुणेच्या मागे पेन्सिलीने उतरवून ठेवावी. पात्राने अपराध यांपैकी कोणत्या सनाआधी केला ते पाहावे. कारण शांततेच्या काळात मित्राचा घात करणाऱ्याला युद्धाची सबब सांगता येत नाही, आणि लेखकाची खरी कसोटी तिथेच लागते. पश्चात्तापाच्या अश्रूंना फार भुलू नये. प्रायश्चित्ताची किंमत कोण मोजतो, अन्याय सोसणाऱ्याला स्वतःचे म्हणणे मांडता येते का, की त्याला आधीच मारून अपराध्याची सोय लावली जाते (आणि ती बरेचदा लावली जाते), हे मात्र समासात खूण करून चर्चेस आणावे.