लॉक असलेला आयफोन भारतात कसा सुरू केला: माझा अनुभव

न्यू जर्सीच्या मावसभावाने त्याचा आयफोन १३ मला स्वस्तात दिला. पुण्यात सिम घातलं तर पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’. फोन तिथल्या कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला, म्हणून त्यांच्याच नेटवर्कला बांधलेला!

दुकानदार म्हणाला, सिमखाली पातळ चिप बसवू, लगेच चालेल. मी नको म्हटलं. ती चिप फोनला फसवते, कुलूप काढत नाही. अपडेट आला की बहुतेकदा बंद पडते. रीसेट करूनही काही होत नाही, कारण लॉकची नोंद फोनमध्ये नसून ॲपलच्या सर्व्हरवर आयएमईआयपुढे (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) असते. आणि ती बदलायला सांगू शकते फक्त मूळ नेटवर्क कंपनी.

मग *#०६# दाबून आयएमईआय काढला, भावाला पाठवला. त्याचे दोन हप्ते बाकी निघाले (हे आधी सांगायचं ना, दादा!). ते भरून त्याने अर्ज केला. चार दिवसांनी वायफायवर फोन रीसेट केला, सिम घातलं, रेंज आली.

आता कुणाचाही परदेशी आयफोन हातात आला की आधी सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडतो. ‘कॅरियर लॉक’पुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं, तरच पैशांचं बोलणं. अमेरिकेतला आयफोन १४ असेल तर सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच नोंदवलं जाणारं सिम) चालतं.