फ्लाइट कंट्रोलरचा कस लावण्यासाठी घरी बांधलेला क्वाडकॉप्टर

नवीन फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनला तोलून धरणारा छोटा संगणक-बोर्ड, हातात आला की तो जवळ असेल त्या ड्रोनवर बसवून उडवून पाहण्याचा मोह होतो. मग ड्रोन थरथरला किंवा एका बाजूला ओढू लागला, तर दोष बोर्डाचा, फर्मवेअरचा (बोर्डातल्या सॉफ्टवेअरचा), प्रोपेलरचा की सैल झालेल्या एखाद्या स्क्रूचा, हे सांगता येत नाही. मी स्वतः एका नव्या बोर्डाच्या पीआयडी आकड्यांशी, म्हणजे ड्रोन कलला की तो कसा सावरायचा हे ठरवणाऱ्या पी, आय आणि डी या तीन आकड्यांशी, दोन आठवडे झटापट केली होती. शेवटी ड्रोनच्या मागच्या डाव्या हाताचा (मोटर धरणाऱ्या दांडीचा) एक स्क्रू पाव फेरा सैल निघाला आणि बोर्ड निर्दोष सुटला. तेव्हापासून चाचणीसाठी वेगळा ड्रोन ठेवला आहे. सराफाकडचा कसोटीचा दगड दागिन्यागणिक बदलत नाही, तसा हा ड्रोनही बोर्डागणिक बदलता कामा नये, आणि पुढची सगळी बांधणी या एकाच अटीभोवती फिरते.

सांगाडा म्हणून ४५० मिमी कर्णाचा, म्हणजे कर्णावरच्या दोन मोटरींच्या अक्षांत ४५० मिमी अंतर असलेला, नायलॉनच्या हातांचा क्वाडकॉप्टर (चार मोटरींचा ड्रोन) मला सर्वांत सोयीचा वाटतो. डीजेआयच्या एफ४५० मुळे हा आकार रूढ झाला आणि त्याच्या नकलांचे सुटे हात स्वस्तात मिळतात. पाच इंची प्रोपेलरचा रेसिंग ड्रोन आकर्षक असला, तरी त्याच्या पोटात एका ठरावीक मापाच्या बोर्डाखेरीज काही मावत नाही आणि चूक झाली तर ती समजायच्या आत तो जमिनीवर आलेला असतो. ४५० च्या सांगाड्यावर पिक्सहॉकसारखा डबीतला कंट्रोलरही बसतो आणि ३०.५ मिमी अंतरावर भोके असलेला उघडा बोर्डही बसतो. त्यावर २२१२ मापाच्या ९२० केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला ९२० फेरे) मोटरी, १० इंच व्यासाचे आणि ४.५ इंच पिचचे (पात्यांच्या पिळाचे माप) प्रोपेलर, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारी सर्किटे) आणि तीन सेलची ५२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, असा जुना व अनेकांनी वापरून पाहिलेला संच घ्यावा. सांगाडा साधारण २८० ग्रॅम, चार मोटरी सव्वादोनशे, ईएससी शंभर, बॅटरी पावणेचारशे ते चारशे, आणि उरलेले प्रोपेलर, तारा, कंट्रोलर, जीपीएस मिळून पावणेतीनशे धरले, तर एकूण वजन सव्वा किलोच्या आसपास जाते. प्रत्येक मोटर पूर्ण थ्रॉटलवर पाऊण किलोच्या घरात उचलते, त्यामुळे उचल आणि वजन यांचे प्रमाण दोनाच्या वर राहते आणि ड्रोन साधारण निम्म्या थ्रॉटलवर हवेत स्थिर तरंगतो. चाचणीसाठी हेच हवे असते, कारण दोन्ही बाजूंना दुरुस्तीला वाव उरतो.

हात जोडताना प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावावा. मात्र तो नायलॉनला लागू देऊ नये, कारण काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात. मोटरीचे स्क्रू फार लांब असतील तर ते आतल्या वेटोळ्यांना टेकतात आणि मोटर पहिल्याच उड्डाणात जळते, म्हणून स्क्रू बसवण्यापूर्वी त्याची लांबी हाताच्या जाडीशी ताडून पाहावी. बॅटरीच्या तारा खालच्या प्लेटवर सोल्डर करताना त्याच जागी १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर जोडावा. मोटरींचे विद्युत धक्के त्यात बरेचसे जिरतात, आणि एखादा बोर्ड केवळ गलिच्छ पुरवठ्यामुळे नापास ठरण्याचा अन्याय टळतो.

आता या ड्रोनचा खरा गाभा, म्हणजे बदलती प्लेट. तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे किंवा अॅक्रिलिकचे समान मापाचे तुकडे कापावेत आणि प्रत्येक कंट्रोलरला त्याची स्वतःची प्लेट द्यावी. सांगाड्याच्या वरच्या बाजूला चार एम३ स्पेसर कायमचे उभे करावेत, म्हणजे कोणतीही प्लेट त्याच चार भोकांवर, त्याच उंचीवर आणि त्याच दिशेला बसेल. उघड्या बोर्डाला सिलिकॉनचे ग्रोमेट (कंपन शोषणारी बुशे) लावावेत. डबीतल्या कंट्रोलरला फोमची दुहेरी चिकटपट्टी पुरते. प्लेटवर पुढच्या दिशेचा बाण रंगवावा. एक गोष्ट बहुतेकजण सोडून देतात: सगळ्या प्लेटांचे वजन सारखे करावे. सर्वांत जड प्लेट, समजा, ११० ग्रॅम भरली, तर हलक्या प्लेटांना मध्याजवळ पितळी नट चिकटवून त्याही ११० वर आणाव्यात. ७० ग्रॅमचा फरक उड्डाणात जाणवत नाही, पण होव्हर थ्रॉटलची (एका जागी तरंगायला लागणाऱ्या थ्रॉटलची) तुलना करताना तो आकड्यांत नेमका डोकावतो.

ईएससीच्या सिग्नल आणि ग्राउंड तारा एकाच आठ पिनांच्या कनेक्टरवर आणाव्यात आणि त्यांना मोटर क्रमांक न देता ‘पुढची उजवी’, ‘मागची डावी’ अशी जागेची नावे द्यावीत. कारण साधे आहे. अर्डुपायलट आणि पीएक्स४ या फर्मवेअरांत पुढची उजवी मोटर पहिली, मागची डावी दुसरी, पुढची डावी तिसरी आणि मागची उजवी चौथी असते. बीटाफ्लाइटमध्ये मात्र मागची उजवी पहिली, पुढची उजवी दुसरी, मागची डावी तिसरी आणि पुढची डावी चौथी. सांगाड्यावर आकडे लिहिले, तर ते एका फर्मवेअरला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरतात आणि ड्रोन उडताक्षणी कोलांटी मारतो. म्हणून क्रमांकांची अदलाबदल प्रत्येक प्लेटबरोबर राहणाऱ्या छोट्या जोडतारेत करावी आणि सांगाड्याला हात लावू नये. फिरण्याची दिशा सुदैवाने दोन्हीकडे मुळात एकच धरलेली आहे: वरून पाहता पुढची उजवी व मागची डावी घड्याळाच्या उलट, आणि उरलेल्या दोन घड्याळाच्या दिशेने.

ईएससी निवडताना तो साधा पीडब्ल्यूएम सिग्नल (स्पंदाच्या लांबीतून वेग सांगणारा) आणि डीशॉट (वेग आकड्यांत सांगणारा) हे दोन्ही समजणारा असावा, कारण जुन्या बोर्डांना पहिलाच येतो. पीडब्ल्यूएमची किमान व कमाल मर्यादा ईएससीमध्येच एकदा कायम करून ठेवावी. प्रत्येक बोर्डावर नव्याने कॅलिब्रेशन केले, तर आपण कंट्रोलर बदलता बदलता मोटरींचा प्रतिसादही बदलून बसतो. डीशॉट अंकीय असल्यामुळे त्याला हे कॅलिब्रेशन लागतच नाही. मात्र एका बोर्डाला डीशॉट आणि दुसऱ्याला पीडब्ल्यूएम देऊन दोघांची तुलना करू नये.

पाच व्होल्टचा पुरवठा सांगाड्यावर कायम बसवलेल्या स्वतंत्र तीन अँपिअरच्या बीईसीतून (बॅटरीचा दाब पाच व्होल्टवर उतरवणाऱ्या सर्किटातून) द्यावा आणि विद्युतप्रवाह मोजणारा सेन्सरही सांगाड्याचाच असावा. जीपीएस व कंपास बॅटरीच्या तारांपासून किमान दहा सेंटिमीटर उंच दांडीवर न्यावेत आणि त्या तारा एकमेकींना पिळ देऊन बांधाव्यात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी परस्परांना रद्द करतात. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो. त्यामुळे ड्रोनचे तोंड दहा-पंधरा अंशांनी चुकीचे दिसत असेल, तर त्याचे खापर नकाशावर न फोडता जवळच्या तारांवर आणि स्क्रूंवर फोडावे. रिसीव्हर सीआरएसएफ या सिरियल संदेशपद्धतीवर चालणारा असेल, तर जुन्या पिक्सहॉकवर तो रिसीव्हरसाठीच्या नेहमीच्या (आरसी) खणात चालत नाही, मोकळ्या सिरियल पोर्टला जोडावा लागतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना प्रोपेलर काढलेले असावेत, हे सांगायला नको, तरी सांगतो. बॅटरीच्या धन तारेत १२ व्होल्ट, २१ वॉटचा मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब क्रमाने जोडावा. जोडणी बरोबर असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून मंद होतो. कुठे शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटतो आणि जळायचे ते बल्बमध्ये जळते, हजारो रुपयांचा बोर्ड वाचतो. त्यानंतर ड्रोन हातात धरून पुढे, मागे, डावीउजवीकडे कलवावा आणि पडद्यावरचे क्षितिज योग्य दिशेला हलते का ते पाहावे. मोटर चाचणीच्या पानावरून एकेक मोटर फिरवून तिची जागा व दिशा तपासावी, आणि शेवटी मोटरी चालू असताना ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची सुरक्षित कृती) खरोखर लागतो याची खात्री करावी. ही तपासणी दर प्लेटबदलानंतर करायची आहे.

पीआयडीची पहिली ओळख हवेत करून घेण्याऐवजी एका अक्षाच्या झोपाळ्यावर करावी. सुताराकडून दोन मजबूत खांब असलेली लाकडी चौकट करून घ्यावी, खांबांत ६०८ क्रमांकाची, आठ मिलिमीटर भोकाची बेअरिंगे बसवावीत आणि त्यांतून आठ मिलिमीटरची सळई घालून तिच्यावर ड्रोन पुढून मागे असा आवळावा, म्हणजे तो फक्त रोलमध्ये (डावीउजवीकडे) फिरेल. इथे सगळे सळईच्या उंचीवर अवलंबून असते. सळई गुरुत्वमध्याच्या वर असेल तर ड्रोन लंबकासारखा आपोआप सरळ होतो आणि वाईट कंट्रोलरही गुणी दिसतो. ती खाली असेल तर चांगला कंट्रोलरही धडपडतो. बॅटरी वरखाली सरकवत ड्रोन ज्या कोनात सोडावा त्याच कोनात थांबू लागला, की सळई गुरुत्वमध्यातून गेली असे समजावे. या झोपाळ्यावर पी (चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती) आणि डी (बदलाच्या वेगाला आवर) तपासावेत; आय (साचलेल्या चुकीची दुरुस्ती) शून्याजवळ ठेवावा, कारण चौकटीचे घर्षण आणि अडकलेले कोन यांमुळे तो साचत जातो आणि सुटल्यावर एकदम झटका देतो. दोरीने बांधून उडवणे मला याहून धोक्याचे वाटते. दोरी ताणली गेली की कंट्रोलर तिच्याशीच भांडू लागतो आणि कधीकधी ती प्रोपेलरमध्ये जाते.

मोकळ्या उड्डाणाआधी प्रोपेलर बॅलन्सरवर तोलावेत आणि हलक्या पात्याच्या पाठीला पारदर्शक टेपचा लहान तुकडा लावावा. मग ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे असा एक कंट्रोलर ‘मूळ’ म्हणून निवडावा. वारा उठायच्या आत, सकाळी, पूर्ण भरलेल्या त्याच बॅटरीवर, जमिनीच्या हवेचा उलट दाब लागणार नाही एवढ्या म्हणजे दोन मीटरच्या वर, तीन मिनिटे होव्हर करून लॉग (बोर्डाने ठेवलेली उड्डाणाची नोंद) उतरवून घ्यावा. अर्डुपायलटच्या लॉगमध्ये कंपनाचे आकडे तिन्ही अक्षांवर ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असावेत. ६० च्या वर गेले तर उंची राखण्यात बिघाड जवळपास निश्चित असतो. क्लिपिंगची (सेन्सरची मर्यादा ओलांडली गेल्याची) मोजणी शून्यच राहिली पाहिजे. चारही मोटरींच्या आउटपुटची सरासरी काढली, तर सांगाडा स्वतःच बोलू लागतो: पुढच्या दोन मोटरी मागच्यांपेक्षा जास्त राबत असतील तर वजन पुढे आहे, आणि घड्याळाच्या दिशेने फिरणारी जोडी दुसरीपेक्षा जास्त राबत असेल तर एखादी मोटर हातावर तिरकी बसली आहे. हे दोष आधी काढावेत. नव्या बोर्डाची पाळी त्यानंतरच येते, आणि दर नव्या बोर्डाच्या दिवशी मूळ कंट्रोलर पुन्हा एकदा तीन मिनिटे उडवायचा, कारण कालचा वारा आणि आजचा वारा सारखा नसतो.

फिल्टरची तुलना करताना १० इंची प्रोपेलरसाठी अर्डुपायलटमध्ये जायरोचा (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) फिल्टर ४० हर्ट्झच्या जवळ ठेवण्याची शिफारस असते. होव्हरमध्ये या मोटरी मिनिटाला साधारण पाच हजार फेरे घेतात, म्हणजे कंपनाचे शिखर ८० ते ९० हर्ट्झच्या आसपास दिसायला हवे. ठरावीक वारंवारताच गाळणारा नॉच फिल्टर तिथेच बसवावा.

यानंतर मुद्दाम केलेल्या फेरबदलांची मजा आहे. एका पात्याला दोन सेंटिमीटर टेप जास्त लावून ठरावीक कंपन निर्माण करावे आणि कोणता कंट्रोलर ते कसे पचवतो ते पाहावे. एका हाताच्या टोकाशी ५० ग्रॅमचे वजन बांधून आय किती लवकर सावरतो ते मोजावे. एका वेळी एकच दोष घालावा, त्याचे वजन आणि जागा वहीत लिहावी. अर्डुपायलटच्या स्टॅबिलाइझची (ड्रोन आपोआप सरळ ठेवणाऱ्या मोडची) तुलना बीटाफ्लाइटच्या अँगल मोडशीच करावी; एकाला जीपीएसची मदत देऊन दुसऱ्याला उघड्यावर सोडण्यात अर्थ नाही.

चाचणीला तीन ते पाच मीटर उंची पुरते, पण जागा मोकळी हवी. कापणी झालेले स्वतःचे किंवा ओळखीचे शेत उत्तम. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा हा ड्रोन मायक्रो गटात मोडतो आणि बिगरव्यावसायिक वापरासाठी या गटाला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही, परंतु त्यामुळे बाकीचे नियम सुटत नाहीत. निघण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात) आहे का ते पाहावे. मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात.

घरी परतल्यावर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवावी. आणि ड्रोन आपटला असेल, तर वाकलेला शाफ्ट किंवा तडा गेलेला हात बदलून तेवढ्यावर थांबू नये: प्रोपेलर पुन्हा तोलावेत, मूळ कंट्रोलरची प्लेट चढवावी, आणि वहीत नवे पान उघडून तीन मिनिटांचा होव्हर पुन्हा नोंदवावा.