लांब आतडं, लोकलची घाई आणि माझी बद्धकोष्ठता

लहानपणापासून पोट साफ होण्याची बोंब. एरंडेल, त्रिफळा, रात्री तूप घातलेलं दूध, सगळं करून झालं. कारण कळलं ते बेरियमच्या एक्स-रेत. मोठं आतडं साधारण दीड मीटरचं असतं. माझं त्याहून बरंच लांब. मलाशयाच्या आधीचा भाग, सिग्मॉइड, वेटोळं घालून पार वर चढलेला. मल तिथे रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि त्याचा खडा होतो.

इसबगोल जो तो सुचवतो. माझं पोट त्याने उलट फुगायचं. गुण आला तो पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीने. ती पाण्यात विरघळवून प्यायची. मल ओला राहतो. मात्रा डॉक्टरांनीच बसवून दिली.

दुसरी गोष्ट वेळेची. खाल्ल्यावर मोठं आतडं आपसूक हलतं, सकाळी विशेष. बोरिवलीहून फास्ट पकडायच्या धावपळीत नेमकी तीच वेळ निघून जायची. आता लवकर उठून भाकरी-चहा घेते, मग कमोडपुढे लाकडी पाट ठेवून त्यावर पाय टेकवते. गुडघे कमरेच्या वर आले की वाट मोकळी होते, कुंथावं लागत नाही. दिवसाआड पोट साफ होतं.

वाटेत संडासाची सोय नाही म्हणून लोकलने जाणाऱ्या कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत, याची मला फार चीड येते. बाटली भरून घ्याच.

आणि पोट अचानक ताठ फुगलं, वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.