रात्री आपोआप फाइल पाठवायच्यात? क्रॉनची ओळ सगळ्यात शेवटी लिहा

हाताने कमांड मारली की फाइल दुसऱ्या मशीनवर मस्त जाते आणि तीच क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सवर ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकली की सकाळी बघतो तर काहीच गेलेलं नाही, हे बहुतेकांचं होतं. कारण साधं आहे, रात्री अडीचला पासवर्ड टाकायला तिथे कोणी बसलेलं नसतं आणि तुमच्या शेलमधली (तुम्ही कमांड टाइप करता त्या प्रोग्राममधली) सेटिंग्ज क्रॉनला ठाऊकच नसतात.

म्हणून आधी पासवर्डची कटकट मिटवा. एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन, त्याच्या एसएसएच-कीजेन कमांडने ईडी२५५१९ प्रकारची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी प्रायव्हेट-पब्लिक अशी फाइलींची जोडी, बनवा, फक्त ह्याच कामाची वेगळी, पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) विचारला की नुसतं एंटर, मग एसएसएच-कॉपी-आयडीने पब्लिक की समोरच्या मशीनवर टाका. पासफ्रेज नाही म्हणजे ती प्रायव्हेट की ज्याच्या हाती लागली त्याला दार उघडंच, तेव्हा तिची परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. आणि ज्या युजरचं क्रॉन चालणार आहे त्याच युजरने एकदा हाताने लॉगिन करून बघा, कारण पहिल्या वेळी होस्ट कीसाठी (समोरच्या मशीनची ओळख पटवणारी की) येस-नो विचारतात आणि क्रॉन काही येस म्हणत नाही.

पाठवायला एससीपी ह्या साध्या कॉपी कमांडपेक्षा आरसिंक बरं, बदललेलंच पाठवतं, आणि पार्शल ऑप्शन दिला तर मध्येच तुटलेली फाइल पुढच्या वेळी पहिल्यापासून पाठवत बसत नाही. फक्त सोर्स फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट जातो, इथे भलेभले फसतात. डिलीट ऑप्शन (सोर्समध्ये नाही ते समोरून उडवणारा) वापरणार असाल तर आधी ड्राय-रन (काहीही न बदलता नुसती चाचणी) केल्याशिवाय हातच लावू नका, सोर्सची डिस्क माउंट झालेली (जोडली गेलेली) नसेल आणि तिथे नुसतं रिकामं फोल्डर असेल तर आरसिंक समोरचं सगळं साफ करून टाकेल!!

आता हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये) घाला. आरसिंकचा, कीचा, फोल्डरचा, सगळ्यांचा पूर्ण पाथ लिहा, क्रॉनचा स्वतःचा पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, फारच तोकडा असतो. कमांडच्या आधी एफलॉक (एका वेळी एकच काम चालू देणारी कमांड) लावा म्हणजे कालचं ट्रान्सफर अजून चालू असेल तर आजचं त्याच्यावर येऊन आदळणार नाही.

मग क्रॉनटॅब (क्रॉनच्या वेळापत्रकाची फाइल) उघडा: मिनिट ३०, तास २, पुढे तीन स्टार (म्हणजे रोज), मग स्क्रिप्टचा पाथ, आणि आउटपुट व एरर दोन्ही एका लॉग फाइलच्या शेवटी जोडा. लॉगच्या नावात तारीख हवी असेल तर ती स्क्रिप्टच्या आत बनवा, क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला नवी ओळ समजतात, माझी अख्खी संध्याकाळ ह्याच्यात गेली होती.

पहिल्यांदा रात्रीची वाट बघत बसू नका, पाच मिनिटं पुढची वेळ टाका, लॉग बघा, मग अडीच करा. आणि मशीन रात्री बंद असेल तर साधं क्रॉन चुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही, तिथे अ‍ॅनाक्रॉन (चुकलेलं काम नंतर चालवणारा प्रोग्राम) किंवा सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) टायमर वापरा, त्यात पर्सिस्टंट सेटिंग चालू करून.